ऑरगॅनिक भाजी-किराण्याचा ग्रुप काढायचाय? आधी ऑर्डरी घ्या, दुकानाचं नंतर बघू

नाव, लोगो, रॅक वगैरे सगळं मागाहून. आधी पंधरा-वीस घरं गाठा आणि एवढंच विचारा की दर आठवड्याला घेणार का? 'बघू, कधीतरी घेऊ' म्हणणारे सरळ वजा करा आणि उरतील तेवढ्यांवर गणित मांडा.

पद्धत अशी, की आधी शेतकऱ्याला विचारायचं या आठवड्यात काय निघतंय, ती यादी ग्रुपवर टाकायची, दोन दिवसांत ऑर्डर आणि पैसे दोन्ही घ्यायचे आणि तेवढाच माल उचलायचा. उलट केलंत, म्हणजे लोकांना काय हवंय ते विचारून मग शोधायला निघालात, तर निम्मी यादी बिनहंगामी येते, माल लांबून आणावा लागतो, मग हा सगळा खटाटोप कशाला? हंगाम भरात असला की तीच भाजी आठवड्यामागून आठवडे येते आणि लोक कुरकुरतात, ते गृहीतच धरा, सोबत करायच्या दोन-तीन वेगळ्या रीती पाठवल्या की जरा निभतं. दोन हंगामांच्या मधे भाजी आटते तेव्हा ग्रुप तगतो तो धान्य-कडधान्यावर, म्हणून किराणा पहिल्यापासून ठेवाच.

आता पैसे जातात कुठे, तर वाटण्यांत. दहा किलोचे पाव-पाव किलोचे वाटे केले तर कागदावर ४० होतात, हातात कमीच येतात, कारण देठ-माती जाते, भाजी सुकते, आणि वाटे करणारा मायेने काटा थोडा पुढेच जाऊ देतो. ही घट, वाहतूक, पिशव्या हे सगळं खरेदीच्या भावावर चढवूनच विक्रीचा भाव काढा. तूट भरून काढायला शेतकऱ्याचा भाव पाडायचा नाही, माझ्या मते इथे तडजोडच नको.

उधारी पण नको, अगदी जवळच्यांनासुद्धा. १८४४ मध्ये इंग्लंडात रॉचडेलला २८ जणांनी माणशी एक पौंड काढून दुकान टाकलं, सुरुवातीला माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटमील, मेणबत्त्या एवढाच, पण व्यवहार रोखीचा आणि पैसे कितीही घातलेले असोत, मत प्रत्येकाला एकच. सहकारी दुकानांची ती घडी आजही कामाला येते.

'ऑरगॅनिक कशावरून?' हे कोणीतरी विचारणारच, आणि विचारावंच. बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट छोट्या शेतकऱ्याला महाग पडतं, त्याऐवजी सहभागी हमी पद्धत असते, ज्यात शेतकरी आणि घेणारे मिळून एकमेकांची शेतं बघतात आणि नोंदी ठेवतात. तर सगळ्यांनी शेतावर जा, नुसते फोटो काढून येऊ नका. तण कसं काढता, बियाणं कुठलं, शेजारचा फवारतो तेव्हा बांधाकडच्या पिकाचं काय करता, हे विचारा. रासायनिक सोडून जमीन ऑरगॅनिक मानली जायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात, मधल्या काळातला माल जरूर घ्या पण यादीत तसं स्पष्ट लिहून.

धान्याला किडे लागणार, औषध मारलेलं नसतं ना. थोडं-थोडंच मागवा, चांगलं वाळलेलंच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि थोडंच असेल तर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून काढा, अंडीसुद्धा मरतात. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका.

आणि कामाच्या पाळ्या पहिल्या दिवसापासून लावा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं पार्क स्लोप फूड कोऑप, म्हणजे सभासदांचं सहकारी किराणा दुकान, १९७३ मध्ये सुरू झालं, तिथे सभासदांना कामाची पाळी करावीच लागते. आपल्याकडे नेहमी होतं काय, की दोघं-तिघं उत्साही सगळं ओढतात, बाकीचे 'छान चाललंय हं' म्हणतात आणि ते दोघं थकले की ग्रुप बंद. वजन, हिशोब, फोन ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे द्या, दर दोन-तीन महिन्यांनी बदला, आणि हिशोबाचं शीट सगळ्यांना दिसेल असं ठेवा. जागा भाड्याने घ्यायचा विषय काढायचा तो कोणाच्या तरी हॉलमध्ये पोती मावेनाशी झाली की मगच, आणि तेव्हा खाद्यपदार्थ विकायचा परवाना काय लागतो ते आधी विचारून या.