‘तारापूरला गळती’ असा मेसेज आला तर

रात्री साडेदहाला आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘तारापूरला किरणोत्सर्गाची गळती, खिडक्या लावून घ्या, सगळ्यांना पाठवा.’ मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. असा मेसेज पुढे ढकलण्याआधी मी काय काय बघते, ते सांगते.

आधी अणुभट्टी कुठली ते विचारा. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची ‘प्रिस’ नावाची यादी नेटवर फुकट बघता येते. देश निवडला की प्रत्येक अणुभट्टीचा प्रकार, क्षमता आणि ती कधी सुरू झाली ते दिसतं. तारापूरला चार आहेत: पहिल्या दोन 1969 च्या, पुढच्या दोन प्रत्येकी 540 मेगावॉटच्या. मेसेजमध्ये ‘पाचवी’ असेल तर तो तिथेच संपला.

मग पातळी. 1990 मध्ये याच संस्थेने आणखी एका संस्थेबरोबर ‘आयनेस’ ही अणुघटना किती गंभीर ते सांगणारी मोजपट्टी तयार केली. तिच्यात 1 ते 3 म्हणजे घटना, 4 ते 7 म्हणजे अपघात. एक पायरी चढलं की गांभीर्य साधारण दहापट. पातळी ठरवायची ती त्या-त्या देशाने, आणि पहिल्या दिवशीचा आकडा शेवटचा नसतो. फुकुशिमाची पातळी आधी 4 सांगितली होती, मग 5 झाली आणि महिन्याभरात 7 वर गेली.

आणि पातळी 4 ला अणुभट्टीच लागते असं नाही. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात गेलं, आतला किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 उघडा पडला आणि भंगारात काम करणारा एकजण दगावला. म्हणून मुलांना मी किरणोत्सर्गाच्या धोक्याचं चिन्ह फळ्यावर काढून दाखवते: लाल त्रिकोण, वर किरणं, खाली कवटी आणि पळणारा माणूस. असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं, पोलिसांना कळवायचं. कुर्ल्याच्या भंगार गल्लीतून शाळेत येणाऱ्या मुलांना हे पाठ असायलाच हवं.

सगळ्यात जास्त घोळ एककाचा होतो. शरीराला मिळणारा किरणांचा डोस सिव्हर्टमध्ये मोजतात. मिलिसिव्हर्ट आणि मायक्रोसिव्हर्ट यांत हजारपटीचा फरक आहे, आणि आकडा तासाचा की वर्षाचा, हे मेसेजमध्ये कधीच नसतं. समजा, ‘0.1 मायक्रोसिव्हर्ट तासाला’ आलं. वर्षाचे तास 8,760. गुणा: 876 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे एक मिलिसिव्हर्टही नाही. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात.

हे मी इतकं लावून धरते त्याला कारण आहे. सासूबाईंना यंत्रातून रेडिएशन देत होते, तेव्हा एका शेजारणीने मुलांना आमच्याकडे पाठवणं बंद केलं. बाहेरून दिलेल्या किरणांनी पेशंट किरणोत्सर्गी होत नाही, हे मी तिला दारात उभं राहून समजावलं. महिन्याने मुलं परत आली. तोवर सासूबाई रोज संध्याकाळी दाराकडे बघायच्या.

शेवटी, खिडक्या लावायचा आदेश व्हिएन्नातून येत नाही. ती संस्था आपले प्रकल्प चालवत नाही. देशातला नियामक म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, ते आपल्या अणुशक्तीनगरलाच आहे. त्यांचं आणि जिल्हा प्रशासनाचं निवेदन शोधा.

तोवर ग्रुपवर हे उत्तर चिकटवा: ‘अणुभट्टी कुठली? पातळी किती, कोणी जाहीर केली? आकडा कुठल्या एककात, तासाचा की वर्षाचा?’