वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या वाचताय? या चुका टाळा

औषध सुरू करायचं की बंद, हा निर्णय पुष्कळदा बातमीचा मथळा वाचून घेतला जातो. मथळ्यामागचं संशोधन बहुधा नीट केलेलं असतं आणि आकडेही खरे असतात. गडबड होते ती त्यांचा अर्थ लावताना. ती टाळायला डॉक्टर असावं लागत नाही, काही प्रश्न विचारायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

टक्के कशाचे, हे न पाहणं

मधुमेहासाठी आणि वजन कमी करायला दिल्या जाणाऱ्या सेमाग्लूटाइड या इंजेक्शनची एक मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १७,६०४ जण होते. सगळ्यांना आधीपासून हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार होता, वजन जास्त होतं, पण मधुमेह नव्हता. निष्कर्ष होता, धोका २० टक्क्यांनी घटला. हे वाचून वाटतं की शंभरातले वीस जण वाचले. प्रत्यक्षात सुमारे ४० महिन्यांत प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) घेणाऱ्या शंभरांपैकी ८ जणांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी झालं. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.५ होतं. म्हणजे वाचले शंभरात दीड.

दीड हा आकडा क्षुल्लक नाही. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे. पण दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे १६.६ टक्के होते (प्लासिबोच्या गटात ८.२), आणि या त्रासाशी तुलना करायची ती दीडाची, विसाची नव्हे.

भीतीच्या बातमीतही हेच घडतं. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांवरची अमेरिकेतली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही चाचणी २००२ मध्ये मधेच थांबवली गेली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मोजायला गेलं तर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला आठ जणी जास्त. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. तरीही पन्नाशीच्या आसपासच्या, रात्रभर घामाने भिजून उठणाऱ्या असंख्य जणींनी त्या बातमीनंतर गोळ्या सोडल्या. धोका खरा होता, पण त्यांना तो त्याच्या खऱ्या आकारात कुणी सांगितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून टक्केवारी दिसली की तीन आकडे शोधा: उपचार न घेणाऱ्या शंभरांत किती, घेणाऱ्या शंभरांत किती, आणि किती वर्षांत. मूळ शोधनिबंधाच्या सारांशात ते बहुतेक वेळा मिळतात.

‘कुणाला’ हा शब्द गाळणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड कोविडमधले मृत्यू कमी करतं. पुष्कळांच्या लक्षात एवढंच राहिलं. निकाल मात्र तीन तुकड्यांत होता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? स्टेरॉइड न घेणाऱ्यांत १४ टक्के दगावले, घेणाऱ्यांत १७.८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायद्याचा मागमूस नव्हता.

कारण समजण्याजोगं आहे. आजाराच्या सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्ती हवी असते. स्टेरॉइड तीच दाबतं, वर रक्तातली साखर चढवतं. पुढे फुप्फुसाला इजा करते ती शरीराचीच बेफाम झालेली दाहक्रिया, आणि तिथे तेच औषध जीव वाचवतं. एकच औषध, एकच आजार, फक्त वेळ वेगळी. घरी बसून, ऑक्सिजन ९८ असताना ते सुरू करणाऱ्याने चाचणीचा आधार घेतला असं म्हणताच येत नाही.

मग प्रत्येक गटाचा वेगळा निकाल खरा धरायचा का? तसंही नाही. ‘आयसिस-२’ या १९८८ च्या चाचणीत हार्ट अटॅकच्या सतरा हजारांहून जास्त रुग्णांवर अॅस्पिरिनचा फायदा ठळकपणे दिसला. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीनुसार गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अॅस्पिरिन किंचित अपायकारक निघालं! पुरेसे तुकडे केले की कुठेतरी विचित्र आकडा सापडतोच. गट आधी ठरवले होते का, आणि फरकामागे शरीरातलं काही पटण्यासारखं कारण आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘अमुकांना चालत नाही’ यावर विश्वास ठेवू नका.

रिपोर्ट सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असं मानणं

हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा, अनियमित ठोके पडणाऱ्यांत अचानक मृत्यू जास्त होतात, हे १९८० च्या दशकात माहीत होतं. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके दाबत. ईसीजीच्या पट्टीवर दिसणारा आलेख छान व्हायचा, म्हणून डॉक्टर ती देतही होते. ‘कास्ट’ या चाचणीत अशाच रुग्णांना घेतलं, ज्यांचे ठोके या औषधांनी खरोखर आटोक्यात आले होते. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आलेख सुधारला आणि माणसं जास्त मेली.

साखर, कोलेस्टेरॉल, हाडांची घनता, स्कॅनमधली गाठ, हे सगळे वाटेवरचे टप्पे आहेत. काही टप्पे भरवशाचे आहेत (रक्तदाब उतरवला की पक्षाघात कमी होतात, हे अनेक चाचण्यांत दिसलंय), काही नाहीत. बातमीत ‘पातळी घटली’ एवढंच असेल, तर माणसं जास्त जगली का, बरी राहिली का, हा प्रश्न अजून मोकळाच आहे असं धरा.

सोबत दिसलं त्याला कारण म्हणणं

रक्तात बीटा कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्या-फळांतून मिळणारा घटक) जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं निरीक्षणांत दिसत होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रत्यक्ष चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त. भाज्या-फळं भरपूर खाणारी माणसं इतर शंभर बाबतींतही वेगळी असतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते की लोकांचं आपापलं वागणं नुसतं नोंदलं होतं, हे बातमीत शोधा.

‘उपयोग नाही’ या निकालाचा भलताच अर्थ

२०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या चाचणीवरून ‘कोलोनोस्कोपीचा (नळीतून मोठं आतडं आतून तपासण्याचा) फारसा उपयोग नाही’ अशी चर्चा झाली. तुलना होती तपासणीचं बोलावणं आलेले आणि न आलेले यांच्यात. दहा वर्षांत आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण १.२० टक्क्यांऐवजी ०.९८ टक्के. पण बोलावलेल्यांपैकी तपासणी करून घेतली ती फक्त ४२ टक्क्यांनी. निमंत्रणाचा परिणाम मोजला गेला, तोही सरकारी योजना आखताना लागतोच. तपासणी करून घेणाऱ्या माणसाला काय मिळालं, हा वेगळा प्रश्न.

असाच घोळ मागे घेतलेल्या निबंधांचा. कोविडमध्ये दिलं जाणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घातक असल्याचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध मे २०२० मध्ये आला आणि जूनच्या सुरुवातीला मागे घेतला गेला, कारण मूळ माहितीची खातरजमा होईना. त्यावरून ‘म्हणजे औषध चालतं’ असं ठरवणाऱ्यांना ‘रिकव्हरी’ने त्याच आठवड्यात उत्तर दिलं: दवाखान्यात दाखल रुग्णांना काही फायदा नाही.

बातमी वाचून औषध आधीच बंद केलं असेल तर

लगेच डॉक्टरांना फोन करा. बीटा ब्लॉकर (हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या), फिट्सच्या गोळ्या आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं जीवघेणं ठरू शकतं. कुठल्या तारखेपासून बंद आहे ते सांगा. चुकलेले डोस भरून काढायला दुप्पट गोळ्या घेऊ नका. बातमी सोबत न्या आणि तीनच गोष्टी विचारा: चाचणीतले लोक माझ्यासारखे होते का, माझ्यासारख्या शंभरांत किती जणांना फरक पडेल, आणि औषध बदललं तर किती दिवसांनी पुन्हा तपासायचं.