उतारावरच्या प्लॉटचं सपाटीकरण: जेसीबी बोलावण्याआधी

कोकणात उतारावर घर बांधताना खणलेली माती पहिल्याच पावसात खालच्या शेतात, वहाळात उतरते. परवानगी नसेल तर महसूल खात्याची नोटीस वेगळीच.

१. आधी सर्व्हेअरकडून लेव्हल (जमिनीच्या उंच-सखलपणाचं माप) घ्या. किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघेल आणि भरावाला किती लागेल, हे त्यातून कळतं. दोन्ही जुळवून आराखडा केला तर माती बाहेर न्यावीच लागत नाही. सगळ्यात मोठी बचत इथेच आहे.
२. हाच हिशेब जोडून तहसीलदारांकडे गौण खनिजाच्या (यात मातीही येते) परवानगीसाठी अर्ज करा.
३. खालच्या कडेला आधी चर आणि मातीच्या गोण्यांची रांग, मगच खोदाई.

वाहतूक पासाशिवाय डंपर बाहेर सोडू नका: जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो.