युद्धविरोधी कवितेतला सैनिक कसा वाचावा

युद्धविरोधी कवितेवर लिहायला बसले की 'कवीने युद्धाची भीषणता प्रभावीपणे मांडली आहे' हे वाक्य आपोआप लेखणीतून उतरते आणि बहुतेक रसग्रहणे तेथेच थांबतात. युद्ध वाईट असते हे कळण्यासाठी कविता वाचावी लागत नाही. एखाद्या माणसाच्या शरीराचे, झोपेचे आणि नजरेचे युद्धाने नेमके काय केले, हे मात्र चांगली कविता फार थोड्या जागेत सांगते, आणि तिचे खरे मोल तेथे आहे. म्हणून अशी कविता हाती घेतल्यावर तिचा संदेश काही काळ बाजूला ठेवावा आणि सर्वांत आधी सैनिकाचे शरीर शोधावे.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेनची 'डुल्से एट डेकोरम एस्ट' ही अठ्ठावीस ओळींची कविता या दृष्टीने वाचून पाहावी. ती १९१७ मध्ये लिहिली गेली आणि कवीच्या मृत्यूनंतर १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. देशासाठी मरण येणे गोड आणि उचित असते, अशा आशयाच्या, प्राचीन रोमन कवी होरेसच्या लॅटिन ओळीवरून तिचे शीर्षक घेतले आहे. पण पहिल्या ओळीत समोर येतात ती पोत्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखी दिसणारी, खोकत खोकत चिखल तुडवणारी तरुण मुले. अनेकांचे बूट हरवले आहेत आणि पायांवर रक्ताचेच जोडे चढले आहेत. थकवा इतका आहे की मागे पडणाऱ्या विषारी वायूच्या तोफगोळ्यांचा आवाजही त्यांना ऐकू येत नाही. येथे वाचकाने एक नोंद करून ठेवावी: शत्रू अजून दिसलेला नाही, आणि कविता संपेपर्यंत तो दिसणारही नाही. सैनिकाच्या वाट्याला लढण्यापेक्षा झिजणेच अधिक येते, हे ओवेन एकही विधान न करता दाखवतो.

शरीरानंतर प्रतिमा तपासाव्यात, पण त्या सुंदर आहेत म्हणून नव्हे, तर त्या कितपत अचूक आहेत हे पाहण्यासाठी. वायूचा हल्ला होताच मुखवटे चढवण्याची धांदल उडते, एकाला वेळ मिळत नाही आणि निवेदक त्याला धूसर काचेतून, दाट हिरव्या उजेडात, समुद्राखाली बुडावे तसा बुडताना पाहतो. जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीनचा मोठा हल्ला केला आणि पुढे फॉस्जीनही वापरात आला. हे वायू फुप्फुसांना अशी इजा करतात की त्यांत द्रव साचतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर खरोखरच बुडून मरतो. हे ठाऊक असले की ती प्रतिमा अलंकार म्हणून वाचता येत नाही, कारण ओवेन जे घडले तेच सांगत असतो.

यानंतर क्रियापदांचे काळ पाहावेत. माझ्या मते हीच पायरी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. वायूच्या हल्ल्याची हकीकत भूतकाळात सांगून झाल्यावर दोन ओळींचे एक स्वतंत्र कडवे येते आणि तेथे अचानक वर्तमानकाळ सुरू होतो: निवेदकाच्या प्रत्येक स्वप्नात तो सैनिक गुदमरत त्याच्या अंगावर झेपावतो. प्रसंग संपला, पण पाहणाऱ्यासाठी तो अजून घडतोच आहे. १९१७ मध्ये एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात तोफमाऱ्याच्या मानसिक आघातावर उपचार घेणाऱ्या कवीने त्या आघाताचे वर्णन केलेले नाही. त्याने तो व्याकरणात उतरवला आहे.

मग कविता कोणाशी बोलते ते विचारावे. ओवेनची शेवटची बारा ओळींची लांबलचक रचना 'तू' ला उद्देशून आहे आणि हा 'तू' मुलांना पराक्रमाच्या गोष्टी उत्साहाने सांगणारा, घरी सुरक्षित बसलेला माणूस आहे. एका मसुद्यावर तर सैन्यभरतीसाठी पद्ये लिहिणाऱ्या जेसी पोपला ती उद्देशून असल्याची नोंद आहे. सीगफ्रीड ससूनच्या 'द जनरल' या सात ओळींच्या कवितेत रोख वरिष्ठांकडे वळतो: हसतमुखाने नमस्कार करणाऱ्या सेनापतीला भले म्हणणारे दोन शिपाई त्याच्याच हल्ल्याच्या योजनेत संपतात. राग कोणावर आहे, हे संबोधनातून जितके कळते तितके विशेषणांतून कळत नाही.

शत्रू दिसतो अशा कविताही असतात. टॉमस हार्डीच्या १९०२ मधल्या 'द मॅन ही किल्ड' मध्ये शिपाई समोरच्याला मारण्याचे कारण सांगू लागतो, 'कारण' या शब्दावर अडखळतो, तोच शब्द पुन्हा उच्चारतो आणि तो शत्रू होता एवढेच कसेबसे बोलतो. त्या अडखळण्यात त्याचा सगळा अनुभव आहे. कीथ डग्लसच्या १९४३ मधल्या 'फरगिसमाइननिख्ट' मध्ये मृत जर्मन सैनिकाजवळ त्याच्या प्रेयसीचे छायाचित्र सापडते आणि मारणारा व प्रियकर एकाच देहात भेटतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. निवेदक आणि कवी एकच असतात असे गृहीत धरू नये. हार्डी कधीच सैनिक नव्हता. 'द डेथ ऑफ द बॉल टरेट गनर' या पाच ओळींच्या कवितेत बॉम्बफेकी विमानाच्या पोटातील काचेच्या गोलात गर्भासारखा आखडून बसलेला आणि मेलेला, मशीनगन चालवणारा सैनिक स्वतः बोलतो. तिचा कवी रँडल जॅरेल अमेरिकेच्या हवाई दलात होता, पण तो विमानातून लढला नाही. त्याचप्रमाणे युद्धविरोधी म्हणजे सैनिकविरोधी असेही समजू नये, कारण ओवेन बरा झाल्यावर पुन्हा आघाडीवर गेला, त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धबंदीच्या एक आठवडा आधी, तो मारला गेला.

प्रत्यक्ष लेखन सुरू करण्यापूर्वी रूपर्ट ब्रूकचे १९१४ मधले 'द सोल्जर' हे सुनीत ओवेनच्या कवितेशेजारी ठेवून वाचावे. दोन्ही कवितांत शरीराशी संबंधित प्रत्येक शब्दाखाली रेघ मारावी. ब्रूककडे वेदना नसलेली, मायदेशाने घडवलेली माती सापडेल; ओवेनकडे फेसाळलेली फुप्फुसे, लोंबणारा चेहरा आणि फिरणारे पांढरे डोळे सापडतील. आपल्या रसग्रहणाचा पहिला परिच्छेद या दोन याद्यांवरून लिहावा आणि 'भीषणता' हा शब्द त्यात येऊ देऊ नये.