जुन्या मस्टँगची मागची उंची बदलताय? या चुका टाळा

फोर्ड मस्टँगची पहिली पिढी मागच्या बाजूला पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) उभी असते. अँबॅसडर किंवा पद्मिनीखाली वाकून पाहिलं असेल तर ही रचना ओळखीचीच आहे: पाट्याचा पुढचा डोळा बॉडीला पक्का, मागचा डोळा शॅकलला, म्हणजे बॉडीखाली झुलणाऱ्या जोडपट्टीला, आणि मधे यू-बोल्टांनी आवळलेला अॅक्सल. गाडीचं वजन पाट्यानेच पेलायचं असतं. मागच्या उंचीच्या बहुतेक चुका हे ओझं दुसऱ्या कशावर तरी टाकल्याने होतात.

पण आधी मोजमाप. जमिनीपासून फेंडरपर्यंत टेप लावली तर टायरचा आकार आणि हवा दोन्ही त्या आकड्यात मिसळतात. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा, सपाट फरशीवर, आणि दर वेळी टाकीत तेवढंच पेट्रोल ठेवून. १९६५च्या मस्टँगची टाकी अॅक्सलच्या मागे, डिकीतच आहे. ती सुमारे ६० लिटरची, म्हणजे भरल्यावर पेट्रोलचंच वजन ४५ किलोच्या आसपास. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. चार पावलं पुढे-मागे ढकला, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात.

गाडी एका बाजूला झुकलेली असेल तर मागचा पाटा लगेच दोषी धरू नका. पुढची चाकं नीट अडवा, डिफ्रेन्शिअलच्या (मागच्या अॅक्सलमधल्या गोल फुगवट्याच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून मागची चाकं थोडी उचला आणि लांबून बघा. बॉडी सरळ झाली तर दोष मागे आहे. झुकाव तसाच राहिला तर पुढच्या स्प्रिंगा तपासा. पाचच मिनिटांचं काम, पण नव्या पाट्यांचा खर्च वाचू शकतो. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका, त्यासाठी स्टँड लागतातच.

आता सर्वांत लोकप्रिय चूक: हवेचे शॉकअप. हवा भरली की गाडी वर येते, मालक खूश होतो. पण शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं तो पत्रा धक्के सोसायला बनवलेला आहे, गाडीचं वजन कायम उचलून धरायला नाही. साठ वर्षांच्या, आतून गंजलेल्या पत्र्याला तिथे चिरा पडतात. दोन्ही बाजूंना एकच नळी जोडली असेल तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्तच कलंडते.

लांब शॅकलचंही तेच. अॅक्सल पाट्याच्या साधारण मधे असल्यामुळे शॅकल २ इंच वाढवलं तर उंची जेमतेम १ इंच मिळते. बदल्यात मागचा भाग आडवा हलायला लागतो. पाटे ठोकून पुन्हा कमान देणं स्वस्त पडतं, पण थकलेलं पोलाद फार दिवस ती कमान धरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पाटा थकून खाली बसला असेल तर हव्या त्या कमानीची नवी जोडी घ्या, आणि दोन्ही बाजू एकदमच बदला.

मागची बाजू खाली आणायची असेल तर अॅक्सल आणि पाट्याच्या मधे ठोकळा चालतो. एकच ठोकळा, एकावर एक रचलेले नाहीत. पाट्याची मधली पिन त्याच्या भोकात नीट बसली पाहिजे, आणि यू-बोल्ट नवे व त्या मापाचे लांब हवेत. ठोकळा जितका उंच, तितका जोरात निघताना पाटा जास्त पिळतो.

एक चूक चांगल्या गॅरेजमध्येही होते. गाडी लिफ्टवर, अॅक्सल लोंबकळतोय, आणि त्याच अवस्थेत डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. डोळ्यातला रबरी बुश (बोल्टभोवतीचं रबरी अस्तर) मधल्या नळीला धरून पिळला जातो, फिरत नाही. लोंबत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली उतरताच पिळलेला राहतो. तो मागची बाजू खोटीच उचलून धरतो आणि लवकर फाटतो. मग लोक म्हणतात, “नवे पाटेच खराब निघाले.” बोल्ट आधी नुसते लावा, गाडी चाकांवर उभी करा, हलवा, आणि मगच पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. उंचीचा निकाल नवे पाटे थोडे चालून बसल्यावरच द्या.

नंतर ठराविक वेगाला गाडी थरथरू लागली तर चाकांचं बॅलन्सिंग करत बसण्याआधी पिनियनचा, म्हणजे डिफ्रेन्शिअलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा, कोन बघा. उंची बदलली की प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे (दोन टोकांच्या सांध्यांचे) कोन बिघडतात. ते जवळजवळ सारखे आणि एकमेकांचा परिणाम रद्द करणारे हवेत. फरक असेल तर पाट्यावर पाचरीसारखी तिरकी पट्टी घालून दुरुस्त होतो.

पुढचं अलाइनमेंटही त्याच कामाचा भाग समजा. १९७० पर्यंतच्या मस्टँगचा व्हीलबेस १०८ इंच आहे. मागची बाजू सुमारे १.९ इंच वर गेली की बॉडी १ अंश पुढे झुकते, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टरही (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) तेवढाच कमी होतो. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटल्यासारखं वाटतं. उंची कायम झाली की कॅस्टर पुन्हा बसवून घ्या, हेडलाइट वर-खाली जुळवा, आणि अॅक्सल पूर्ण लोंबत असताना ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, ते पाहून घ्या.