क्वेरीवर लिमिट लावताय? आधी मेसेजचं बघा

गेल्या वेळी रिपोर्टिंग टूलमध्ये मी क्वेरीवर, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या डेटाच्या मागणीवर, ३१ दिवसांची लिमिट घातली आणि क्वेरी अडली की दिसणारा मेसेज काय ठेवला, तर 'तारखांची रेंज चुकीची आहे'. अकाउंट्सवाल्यांना १ एप्रिल ते ३० जूनचा डेटा हवा होता, ते बिचारे कधी डॅश टाकून कधी स्लॅश टाकून तारखा बदलत बसले, संध्याकाळी मला फोन. तारखा बरोबरच होत्या हो, फक्त ९१ दिवस मागितले होते.

तर आधी सगळ्या लिमिट एका कागदावर काढा, दिवस, ओळी, सेकंद, यादीतल्या व्हॅल्यू. प्रत्येकीला वेगळा मेसेज, 'इनव्हॅलिड क्वेरी'च्या एकाच पोत्यात सगळं कोंबू नका. आणि प्रत्येक मेसेजमध्ये दोन आकडे हवेत: लिमिट किती, आणि समोरच्याने मागितलं किती. दोन्ही! ओरॅकल डेटाबेसच्या जुन्या व्हर्जनमधला ओआरए-०१७९५ हा एरर बघा, यादीत जास्तीत जास्त १००० एवढंच सांगतो, तुम्ही किती दिले ते बसा मोजत. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये फ्रॉम (कितव्या निकालापासून) आणि साइझ (किती निकाल) यांची बेरीज १०,००० च्या वर गेली की लिमिटही कळते आणि तुमची बेरीजही. तसं लिहा. लिमिटचा आकडा मेसेजमध्ये हाताने टाइप करू नका, कॉन्फिगमधून (सेटिंगच्या फाइलमधून) उचला, नाहीतर उद्या कोणीतरी ३१ चे ६२ करणार आणि मेसेज आपला ३१ च म्हणत राहणार.

पुढे काय करायचं तेही लिहा, पण जपून. कॅसांड्रा हा डेटाबेस क्वेरी अडवताना म्हणतो की तरी चालवायचीच असेल तर अलाउ फिल्टरिंग वापरा, लोक त्याआधीचा इशारा न वाचता तेवढे दोन शब्द चिकटवतात आणि मग डेटाबेस अख्खं टेबल चाळत बसतो. आमच्याकडे 'एकेक महिन्याचा काढा' एवढं पुरलं असतं.

टाइमआउटला, म्हणजे सेकंदांची लिमिट संपून क्वेरी थांबली तर, 'क्वेरी चुकली' म्हणू नका, क्वेरी ठीक असते, वेळ संपलेला असतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ५७०१४ हा एरर कोड टाइमआउटलाही येतो आणि कोणी मुद्दाम कॅन्सल केली तरी तोच, नुसत्या कोडवर मेसेज ठरवलात तर फसाल.

परमिशनच्या मेसेजमध्ये टेबलांची नावं नकोत. त्याऐवजी एक आयडी द्या, म्हणजे बाकीचा तपशील तुम्हाला लॉगमध्ये (सिस्टमच्या नोंदींत) शोधता येईल. सगळे मेसेज मराठीतही टाका.

टेस्टला एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) न येणारा माणूस बसवा, मेसेज वाचून 'मी किती मागितलं' हे त्याला सांगता येत नसेल तर परत जा, दोन आकडे घाला. आणि रिलीज महिनाअखेरीला नको, अकाउंट्सवाले तेव्हाच येतात.