कंत्राटी कामगारांनो, निदान या चुका टाळा

दर रविवारी सकाळी मी पुण्याजवळ भोसरीत कामगारांचे कागद बघायला बसतो. चाकण, तळवडे, रांजणगावहून पोरं येतात. कुणाचा पीएफ अडकलेला, कुणाचे ओटीचे, म्हणजे जादा तासांचे, पैसे बुडालेले. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात.

सगळ्यात जास्त जीव जाळणारी चूक म्हणजे ठेकेदार बदलला की पीएफ काढून टाकणं. अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, मग दुसऱ्या एजन्सीच्या नावावर तोच माणूस त्याच गेटमधून त्याच मशीनवर उभा राहतो. मधल्या दिवसांत कुणीतरी सांगतं, काढून घे, नाहीतर बुडतील. भरलेले पैसे बुडत नाहीत.

प्रेस शॉपमध्ये तेरा वर्षं काढलेला एक ऑपरेटर माझ्याकडे आला होता. चार ठेकेदार झाले आणि दर बदलाला त्याने पैसे काढले. एकदा गाडीसाठी, एकदा बहिणीच्या लग्नासाठी, एकदा घराच्या पत्र्यांसाठी. फॉर्म सायबर कॅफेत भरून घ्यायचा. पीएफबरोबर पेन्शनची रक्कमही निघतेय, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मालक भरतो त्या पगाराच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात. सेवा एकूण 10 वर्षं भरली तर 58 व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन असते. 15,000 रुपये पगारावर 13 वर्षं धरली तर पेन्शनच्या सूत्राने 15,000 गुणिले 13 भागिले 70, म्हणजे महिन्याला 2,785 रुपयांच्या आसपास. पण पेन्शनची रक्कम काढली की तेवढी सेवाही जाते, म्हणून त्याच्या खात्यावर शिल्लक सेवा होती एक वर्ष चार महिने. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला होता. मला काही बोलता आलं नाही.

यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, जन्मभर एकच ठेवा. नव्या एजन्सीत पहिल्याच दिवशी जुना नंबर लिहून द्या आणि जुनी रक्कम ट्रान्सफर करून घ्या. जुना ठेकेदार तुम्ही काम सोडल्याची तारीख टाकत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर तुम्हाला स्वतःला टाकता येते. मी प्रत्येकाला यूएएन चिठ्ठीवर लिहून रेशनकार्डाच्या कव्हरात ठेवायला लावतो. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा, म्हणून 20 तारखेनंतर पासबुक बघायचं. एवढं केलं तरी निम्मी भांडणं टळतात.

आणि ‘पीएफचं कटिंग नाही, पूर्ण पगार हातात’ म्हणणाऱ्या एजन्सीकडे धावू नका. महिन्याला हजार-दीड हजार जास्त दिसतात म्हणून नवी पोरं तिकडे जातात, तेव्हा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक त्याहून वाईट. अपघात झाला की ठेकेदार शिकवेल ते खोटं बोलणं. कामावर लागून नऊ दिवस झालेल्या एका मुलाची दोन बोटं प्रेसखाली गेली. सुपरवायझरने त्याला खासगी दवाखान्यात नेलं आणि वाटेत पढवलं, ‘गावाला कडबाकुट्टीत हात गेला म्हण, खर्च आम्ही बघतो.’ पहिलं बिल भरलं आणि फोन बंद. केसपेपरवर कडबाकुट्टीच राहिली. ते खोडून काढायला दोन सहकाऱ्यांचे जबाब लागले, आठ महिने गेले. तेवढे दिवस त्याच्या आईने लोकांकडे धुणीभांडी केली.

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, कामावरच्या दुखापतीला किती दिवस भरले याची अट नसते. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. अवयव गेला तर मेडिकल बोर्ड टक्का ठरवतं आणि त्याप्रमाणे दर महिन्याला कायमची रक्कम सुरू होते. ठेकेदाराने वर्गणी भरली नसली तरी कंपनीला हात झटकता येत नाहीत. म्हणून डॉक्टरला खरं तेच सांगा. जमेल तेव्हा, जमल्यास दवाखान्याच्या वाटेवरच, तारीख, वेळ, मशीन आणि सुपरवायझरचं नाव घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. स्वतःला जमत नसेल तर शेजारच्या मशीनवरच्याने टाकावं.

कोऱ्या कागदावर सही करू नका, ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे’ म्हटलं तरी.

गेटपास परत देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. त्या कंपनीत काम केल्याचा बऱ्याचदा तोच पुरावा उरतो.

ओटी दुप्पट दराने असते. सिंगल घेऊन गप्प बसलात की तोच रिवाज पडतो.

ठेकेदार पळाला म्हणून पगारावर पाणी सोडू नका. त्याने दिला नाही तर कंपनीने द्यायचा, मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही आहे. पण तोंडी मागून काही होत नाही. अर्ज लिहा, एक प्रत कंपनीच्या एचआरला, एक पुण्यात वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयाला द्या. तिसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती यूएएनच्या चिठ्ठीजवळ ठेवा.